आजारी कच्च्या कैद्याचा जामीन: मुंबईतल्या कोर्टात काय मांडावं, कसं मांडावं

कच्चा कैदी म्हणजे खटला चालू आहे किंवा अजून सुरूही झालेला नाही, पण जो कोठडीत आहे असा माणूस. कायद्याच्या नजरेत तो निर्दोषच आहे. आर्थर रोड, भायखळा, तळोजा, ठाणे किंवा कल्याणच्या आधारवाडी जेलमध्ये असा आपला माणूस असेल आणि त्याला हृदयविकार, कॅन्सर, किडनीचा आजार किंवा पक्षाघात असेल, तर घरचे पहिला प्रश्न हाच विचारतात: "एवढा आजारी आहे, सगळे रिपोर्ट दिलेत, तरी जामीन का होत नाही?"

याचं कारण बहुतेक वेळा असं असतं की घरचे आणि वकील एका प्रश्नाचं उत्तर देत असतात आणि न्यायाधीश दुसराच प्रश्न विचारत असतात. आजार किती मोठा आहे, हे आपण सांगतो. कोर्टाला जाणून घ्यायचं असतं की या आजारावर कोठडीत ठेवून उपचार होऊ शकतात की नाही. आजार खरा आहे हे सरकारी वकील बरेचदा मान्यच करतात. त्यांचं म्हणणं एवढंच असतं की जेलमध्ये डॉक्टर आहेत, गरज पडली तर जेजेला, म्हणजे सरकारी जेजे रुग्णालयात, पाठवू. म्हणून सगळी मेहनत एकाच ठिकाणी लावायची: या माणसाला काय उपचार लागतात आणि जेलमध्ये त्यातलं काय मिळत नाही, हे तारीखवार दाखवायचं.

कलम कोणतं लागलंय ते आधी बघा

१ जुलै २०२४ पासून फौजदारी प्रक्रिया संहितेच्या जागी भारतीय नागरिक सुरक्षा संहिता आली. जुन्या निकालांत कलम ४३७ आणि ४३९ दिसतील. आता तीच तरतूद अनुक्रमे ४८० आणि ४८३ मध्ये आहे. कलम ४८० मध्ये गंभीर गुन्ह्यांतही स्त्री, बालक आणि आजारी किंवा अशक्त व्यक्ती यांना जामीन देण्याची मुभा कोर्टाला दिली आहे. शब्द 'देऊ शकेल' असा आहे, 'दिलाच पाहिजे' असा नाही. आजारी या शब्दाचा अर्थही कोर्टांनी अरुंद ठेवलाय. रक्तदाब, मधुमेह, पाठदुखी एवढ्यावर काम होत नाही. जिवाला धोका असलेला किंवा आतमध्ये ज्यावर इलाज होणार नाही असा आजार लागतो.

ईडीचं प्रकरण असेल तर मनी लॉन्ड्रिंग कायद्याचं कलम ४५ लागतं. एरवी तिथे आरोपी दोषी नाही असं मानायला वाजवी कारण आहे आणि तो बाहेर जाऊन गुन्हा करणार नाही, अशा दोन्ही गोष्टींबद्दल कोर्टाची खात्री पटवावी लागते. आजारी किंवा अशक्त आरोपीला मात्र याच कलमात सूट आहे. ही सूट अर्जात ठळकपणे मांडा.

यूएपीए (दहशतवाद), मकोका (संघटित गुन्हेगारी) आणि एनडीपीएस (अमली पदार्थ) या कायद्यांत जामिनाच्या कडक अटींमधून आजारी माणसाला अशी वेगळी सूट दिलेली नाही. तिथे मुख्य आधार असतो राज्यघटनेच्या २१ व्या कलमाचा, म्हणजे जगण्याच्या हक्काचा, आणि खरी लढाई बहुतेक वेळा हायकोर्टात होते. यूएपीएखालच्या एल्गार परिषद प्रकरणात कवी वरवरा राव यांना मुंबई हायकोर्टाने २२ फेब्रुवारी २०२१ रोजी सहा महिन्यांचा जामीन दिला, तो याच मार्गाने. तेव्हा ते ऐंशी ओलांडलेले होते आणि हायकोर्टाच्याच आदेशाने नानावटी हॉस्पिटलमध्ये दाखल होते. त्यांना परत तळोजाला पाठवलं तर जिवाला धोका आहे, असं खंडपीठाने मानलं. पुढे १० ऑगस्ट २०२२ रोजी सुप्रीम कोर्टाने तो जामीन मुदतीविना कायम केला.

याच प्रकरणातले फादर स्टॅन स्वामी पार्किन्सन्सने त्रस्त होते. त्यांचं जामिनाचं अपील हायकोर्टात प्रलंबित असतानाच ५ जुलै २०२१ रोजी वांद्र्याच्या होली फॅमिली हॉस्पिटलमध्ये त्यांचा मृत्यू झाला. आजारी कैद्याच्या अर्जात प्रत्येक तारखेला किती वजन असतं, हे या दोन प्रकरणांकडे बघून कळतं. पुढची तारीख तीन आठवड्यांनी पडली तर गप्प बसू नका, एवढंच इथे सांगतो.

आणखी एक गोष्ट लगेच तपासा. ६० किंवा ९० दिवसांत, म्हणजे गुन्ह्यानुसार जी मुदत लागू असेल तिच्यात, आरोपपत्र दाखल झालेलं नसेल, तर नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १८७ खाली जामीन हक्काने मिळतो. मात्र आरोपपत्र येण्याआधी अर्ज करावा लागतो. तो हक्क उभा असेल तर आजाराचा अर्ज घेऊन बसू नका, आधी तो वापरा.

कागद: इथेच अर्ज जिंकतो किंवा हरतो

पहिला कागद अटकेच्या दिवशीच तयार होतो. अटक झाली की डॉक्टरकडून तपासणी करणं बंधनकारक आहे आणि तिचा अहवाल आरोपीला किंवा त्याने नेमलेल्या माणसाला मिळायला हवा. तपासणीच्या वेळी आरोपीने आपले आजार, चालू गोळ्या, आधीचं ऑपरेशन हे सगळं सांगितलं पाहिजे. लाजून किंवा घाबरून "काही नाही" म्हटलं, तर सहा महिन्यांनी सरकारी वकील तोच कागद वाचून दाखवतात.

रिमांडच्या वेळीही तेच. आता आरोपीला बरेचदा व्हीसीवर, म्हणजे जेलमधून स्क्रीनवर हजर केलं जातं. स्क्रीनवर सूज दिसत नाही, धाप ऐकू येत नाही. वकिलांनी तोंडी सांगून थांबू नये. तक्रार रोजनाम्यात, म्हणजे कोर्टाच्या त्या दिवसाच्या नोंदीत, नोंदवायला सांगावी आणि जेल अधीक्षकांना उपचाराचे निर्देश मागणारा छोटा लेखी अर्ज त्याच दिवशी द्यावा. असे दोन-तीन आदेश फाइलमध्ये असले आणि त्यांचं पालन झालेलं नसलं, तर मोठ्या अर्जाचा पाया तयार झाला.

मग बाहेरचे कागद: अटकेआधीच्या उपचारांचे डिस्चार्ज कार्ड, तपासण्या, औषधांच्या चिठ्ठ्या, बिलं. यातून आजार अटकेनंतर 'उगवलेला' नाही, हे दिसतं. त्यांच्या जोडीला ताजं प्रमाणपत्र हवं, आणि ते त्या विषयाच्या तज्ज्ञाकडून. प्रमाणपत्रावर डॉक्टरांचं नाव, पदवी, नोंदणी क्रमांक आणि तारीख हवीच. मजकूर कसा असावा, हे नीट समजून घ्या.

"रुग्णास हृदयविकार असून विश्रांतीची व योग्य उपचारांची गरज आहे." असं प्रमाणपत्र कोर्टात काहीही करत नाही. विश्रांतीची गरज तर सगळ्यांनाच असते. त्याऐवजी डॉक्टरांनी असं लिहायला हवं: रुग्णाच्या हृदयाची पंपिंग क्षमता अमुक तारखेच्या इकोमध्ये ३० टक्के आली, साधारणपणे ती ५५ च्या वर असते. अचानक ठोक्यांची लय बिघडून मृत्यूचा धोका आहे. डिव्हाइस बसवण्याचा सल्ला दिला आहे. रोज वजन, मिठाचं पथ्य, पाण्याचं मोजमाप आणि अर्ध्या तासात कार्डियाक आयसीयू गाठता येईल अशी सोय लागते. ती नसेल तर काय होऊ शकतं. शेवटचं वाक्य सगळ्यात महत्त्वाचं आहे, आणि डॉक्टर नेमकं तेच लिहायला विसरतात. त्यांना विनंती करा, पण न पाहिलेलं किंवा फुगवलेलं काही लिहायला लावू नका. खोटं प्रमाणपत्र पकडलं गेलं, तर अर्ज तर जातोच, डॉक्टर आणि घरचे नव्या गुन्ह्यात अडकतात आणि पुढे खरा त्रास झाला तरी कोणी विश्वास ठेवत नाही.

आता जेलमध्ये काय मिळत नाही, त्याची नोंद. माझा आग्रह असतो की घरातल्या एका माणसाने वही ठेवावी. प्रत्येक मुलाखतीनंतर किंवा फोननंतर त्याच दिवशी लिहायचं. समजा आर्थर रोडमधल्या एका आरोपीला आठवड्यातून तीनदा डायलिसिस लागतं. वहीत असं दिसेल: सोमवार, डायलिसिस ठरलेलं, पोलीस एस्कॉर्ट मिळाला नाही म्हणून नेलंच नाही. बुधवार, नेलं पण उशिरा, चार तासांऐवजी अडीच तास झालं. गुरुवारी रात्री दम लागला, जेजेच्या इमर्जन्सीत नेलं, पोटॅशियम ६.८ निघालं. ज्याला किडनीचा आजार ठाऊक आहे, त्याला कळेल की ६.८ म्हणजे हृदय बंद पडण्याचा धोका. ही चार ओळींची नोंद आणि तिला जोडलेला जेजेचा केसपेपर, यापुढे "आरोपीची प्रकृती स्थिर आहे" हा जेलचा छापील शेरा फार वेळ टिकत नाही.

एस्कॉर्टचा मुद्दा मुंबईत हमखास येतो. हॉस्पिटलची तारीख असते, डॉक्टर असतात, बेड असतो, पण न्यायला पोलीस नसतात. चुकलेली प्रत्येक तारीख लिहून ठेवा.

जेलमधले वैद्यकीय कागद मिळवायला दोन वाटा आहेत. एक, कोर्टात अर्ज करून अधीक्षकांकडून ते मागवणं. दुसरी, आरोपीच्या सहीने माहिती अधिकाराचा अर्ज. माहिती जीविताशी किंवा स्वातंत्र्याशी संबंधित असेल तर कलम ७(१) नुसार ४८ तासांत द्यावी लागते. अर्जावर तसं स्पष्ट लिहा, नाहीतर तो नेहमीच्या तीस दिवसांच्या गठ्ठ्यात जातो.

वकील परवडत नसेल तर थांबू नका. कोठडीतल्या कोणत्याही व्यक्तीला, उत्पन्न कितीही असो, विधी सेवा कायद्याच्या कलम १२ खाली मोफत वकील मिळतो. जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे घरच्यांनी अर्ज करावा किंवा १५१०० वर फोन करावा. वकीलपत्रावर आरोपीची सही जेलमधूनच होते, अधीक्षक ती साक्षांकित करून देतात.

अर्ज लिहिताना

एकाच अर्जात पायरीपायरीने मागण्या ठेवा. आधी नियमित जामीन. तो नसेल तर ठरावीक मुदतीचा अंतरिम जामीन, आणि ती मुदत उपचाराशी जोडलेली हवी. उदाहरणार्थ ऑपरेशन, त्यानंतरचे सहा आठवडे, मग तपासणी. तेही नसेल तर स्वखर्चाने अमुक खाजगी हॉस्पिटलमध्ये दाखल करण्याची परवानगी. आणि निकाल लागेपर्यंत तातडीचे निर्देश: घरची औषधं, पथ्याचं जेवण, गादी, व्हीलचेअर, मदतनीस. बऱ्याच अर्जांत फक्त जामीनच मागितलेला असतो. तो नाकारला की माणूस होता तिथेच राहतो, साधी व्हीलचेअरही मिळत नाही.

अर्जात गुन्ह्याच्या गुणदोषांवर पानंच्या पानं लिहू नका. ती लिहिली की सरकारी पक्ष त्याच मैदानात उतरतो आणि आजार मागे पडतो. आरोप, कोठडीचा काळ, आरोपपत्र झालं की नाही, आधीचे गुन्हे आहेत की नाही, एवढं थोडक्यात सांगा. पुढे आजार, लागणारे उपचार, मिळणारे उपचार आणि त्यांच्यातला फरक. मराठी कागद सेशन्स कोर्टात चालतात. हायकोर्टासाठी इंग्रजी भाषांतर आधीच करून ठेवा, त्यासाठी तारीख जाऊ देऊ नका.

बाहेर आल्यावर कुठे राहणार, कोण सांभाळणार, कुठल्या हॉस्पिटलमध्ये उपचार होणार आणि खर्च कोण करणार, हेही लिहा. माणूस पळून जाणार नाही, याची खात्री कोर्टाला अशाच तपशिलातून मिळते.

जेलचा अहवाल आणि मेडिकल बोर्ड

अर्ज आला की कोर्ट सरकारी पक्षाचा से, म्हणजे लेखी म्हणणं, मागवतं आणि जेल अधीक्षकांकडून वैद्यकीय अहवाल. हा अहवाल बरेचदा तीन ओळींचा असतो: तपासणी केली, औषधं चालू आहेत, प्रकृती स्थिर. त्याला लेखी उत्तर द्या. त्यात कोणत्या तपासण्या झालेल्या नाहीत, तज्ज्ञाने पाहिलंय की नाही, पाहिलं असेल तर कधी, हे विचारा. 'स्थिर' म्हणजे आज मरत नाही, एवढाच अर्थ असू शकतो. कॅन्सरचा रुग्णही केमो चुकलेल्या आठवड्यात स्थिर दिसतो.

वाद राहिला तर कोर्ट जेजे रुग्णालयाच्या अधिष्ठात्यांना मेडिकल बोर्ड नेमायला सांगू शकतं. ही संधी असते, पण बोर्डाला 'आरोपीची प्रकृती तपासून अहवाल द्यावा' एवढंच सांगितलं तर उत्तरही तसंच गुळमुळीत येतं. म्हणून बोर्डाला विचारायचे प्रश्न वकिलांनी लिहून द्यावेत आणि ते आदेशात घ्यावेत अशी विनंती करावी. आजाराची सध्याची अवस्था काय? पुढच्या तीन महिन्यांत कोणते उपचार लागतील? ते जेलच्या दवाखान्यात होतील का? जेजेत बाह्यरुग्ण म्हणून होतील की दाखल करावं लागेल? उपचार लांबले तर कोणता धोका आहे? त्या आजाराचा तज्ज्ञ बोर्डावर असावा, हेही मागा. किडनीच्या रुग्णाबद्दल सर्जनने दिलेलं मत फारसं कामाचं नसतं. बोर्डासमोर नेण्याच्या दिवशी जुने कागद आरोपीसोबत जातात की नाही ते पाहा. ते न गेल्यामुळे नव्याने तपासण्या सांगितल्या जातात आणि महिना जातो.

सुनावणीत काय ऐकायला मिळेल

जेजेत सगळं मिळतं, हा पहिला आक्षेप. त्याला वहीतल्या चुकलेल्या तारखा हे उत्तर आहे. आजार अटकेआधीचाच आहे, हा दुसरा. त्यावर सांगायचं की आजार जुना आहे, पण कोठडीत तो बळावलाय, आणि दोन तारखांचे दोन रिपोर्ट शेजारी ठेवायचे. आरोपी वजनदार आहे, साक्षीदारांवर दबाव आणेल, हा तिसरा. तिथे अटी आपणहून सुचवा: पासपोर्ट जमा, मुंबईबाहेर जाणार नाही, साक्षीदारांशी संपर्क नाही, कोर्ट सांगेल तेव्हा तपासणी.

सगळ्यात अवघड आक्षेप असतो तो असा: आरोपी आत्ताच चांगल्या खाजगी हॉस्पिटलमध्ये आहे, मग जामीन कशाला? माजी मंत्री नवाब मलिक यांचा वैद्यकीय जामीन मुंबई हायकोर्टाने १३ जुलै २०२३ रोजी नाकारला, तेव्हा आपल्या पसंतीच्या हॉस्पिटलमध्ये त्यांच्यावर उपचार चालू आहेत, हा मुद्दा महत्त्वाचा ठरला. महिन्याभरात, ११ ऑगस्टला, सुप्रीम कोर्टाने त्यांना किडनीच्या आजारासाठी दोन महिन्यांचा अंतरिम जामीन दिला. तिथे ईडीने विरोध केला नव्हता. जेट एअरवेजचे संस्थापक नरेश गोयल हेही कॅन्सरसाठी खाजगी हॉस्पिटलमध्येच होते, तरी मे २०२४ मध्ये हायकोर्टाने त्यांना दोन महिन्यांचा अंतरिम जामीन दिला. दोन्ही ईडीचीच प्रकरणं, पण हायकोर्टात निकाल वेगळे लागले. तेव्हा "खाजगी हॉस्पिटलची परवानगी घेतली की जामीन गेला" असं जे कॉरिडॉरमध्ये ऐकायला येतं, ते खरं नाही. उपचार आज हवा असेल तर परवानगी घ्या. जामिनाच्या वेळी मात्र दाखवावं लागेल की हॉस्पिटलच्या खाटेपलीकडेही काही लागतं: दीर्घ केमो, त्यामधल्या काळात संसर्गापासून जपणं, चोवीस तास माणूस सोबत असणं.

ही नावं मोठी आहेत, त्यांचे वकील मोठे होते. अशी सोय नसलेल्या कैद्याच्या घरच्यांनी म्हणून खचू नये. या निकालांतली तत्त्वं कोणाही आरोपीला लागू होतात आणि अर्जात ती उद्धृत करता येतात.

सुप्रीम कोर्टाने सतेंदर कुमार अंतिल प्रकरणात २०२२ मध्ये सांगितलंय की जामीन अर्ज साधारण दोन आठवड्यांत निकाली निघावेत. तारीख लांब पडली तर हा निकाल दाखवून जवळची तारीख मागा. हायकोर्टात प्रेसिपी, म्हणजे लवकर सुनावणीची लेखी विनंती, देऊन तातडीने मेन्शन करा, म्हणजे न्यायाधीशांपुढे तोंडी मांडा. मे महिन्यात किंवा दिवाळीत सुट्टीकालीन न्यायालय असतं आणि तिथे आजाराचा अर्ज ऐकला जातो.

नाकारला गेला तर

मॅजिस्ट्रेटने नाकारला तर सेशन्स, सेशन्सने नाकारला तर हायकोर्ट. एनआयएच्या (राष्ट्रीय तपास संस्थेच्या) प्रकरणात विशेष न्यायालयाच्या आदेशावर हायकोर्टाच्या खंडपीठाकडे अपील जातं, त्याची मुदत साधारण ३० दिवसांची. शिवाय प्रकृती बदलली, नवा रिपोर्ट आला, बोर्डाने सांगितलेले उपचार झाले नाहीत, तर त्याच कोर्टात नवा अर्ज करता येतो. नकाराच्या आदेशात कोर्टाने बहुधा जेल प्रशासनाला योग्य उपचार द्यायला सांगितलेलं असतं. ते वाक्य जपून ठेवा, आणि ते पाळलं जातंय का याची नोंद वहीत चालू ठेवा.

जामीन झाल्यावर

आदेश झाला तरी माणूस लगेच घरी येत नाही. जामीनदार उभा करायचा, त्याचं रेशन कार्ड, पगाराची स्लिप किंवा ऐपतीचा दाखला, त्याची पडताळणी, यात आठवडे जातात. आजारी माणसाला ते परवडत नाही. म्हणून सुनावणीतच मागून घ्या की आधी रोख रक्कम भरून सुटका व्हावी आणि जामीनदारासाठी चार आठवडे मिळावेत. मुंबईत ही मुभा कोर्टं बरेचदा देतात. आदेश झाल्यावर सात दिवसांत सुटका झाली नाही, तर जेल अधीक्षकांनी विधी सेवा प्राधिकरणाला कळवावं, असे सुप्रीम कोर्टाचे जानेवारी २०२३ चे निर्देश आहेत.

अटी नीट वाचा. दर सोमवारी पोलीस ठाण्यात हजेरी अशी अट पडली आणि माणूस आयसीयूत असला, तर लगेच अट बदलून घ्यायचा अर्ज करा. न जाणं आणि नंतर कारण सांगणं धोक्याचं असतं.

अंतरिम जामिनाला शेवटची तारीख असते. मुदतवाढ हवी असेल तर किमान दोन आठवडे आधी, ताज्या कागदांसह अर्ज करा. या काळात खरोखर काय उपचार झाले, ते कोर्ट बारकाईने बघतं. ऑपरेशनसाठी जामीन घेतला आणि ऑपरेशनच केलं नाही, तर मुदतवाढ मिळणं कठीण. डॉक्टरांनीच ते पुढे ढकललं असेल तर त्यांच्याकडून तसं कारणासह लिहून घ्या. आणि मुदतवाढ नाकारली गेली, तर ठरलेल्या दिवशी, ठरलेल्या वेळेआधी हजर व्हा. सोबत डिस्चार्ज कार्ड, औषधांची यादी, पुढच्या तपासणीच्या तारखा यांचे दोन संच न्या. एक जेलच्या डॉक्टरांना देऊन दुसऱ्यावर पोच घ्या, आणि त्याच आठवड्यात त्या पोचेची प्रत कोर्टाच्या फाइलला लावा.